इरॉसची ख्याती

बारावीला पुस्तपालनात ‘ख्याती’ नावाचा विषय होता. मागच्या काही वर्षांचा नफा दिलेला असायचा. त्याची सरासरी काढायची, ‘खरेदीची वर्षे’ म्हणून दिलेल्या आकड्याने तिला गुणायचं आणि उत्तराखाली दोन रेघा ओढायच्या. गणित सोपं, मार्क पदरात. ख्याती म्हणजे नेमकं काय, हे ना सरांनी कधी विचारलं ना मला ते विचारावंसं वाटलं. तो प्रश्न पडला पुष्कळ वर्षांनी, दुसऱ्यांच्या धंद्यांची किंमत ठरवणं हेच माझं काम झाल्यावर. आणि त्याचं मला भेटलेलं सगळ्यात देखणं उत्तर कुठल्या पाठ्यपुस्तकात नाही, प्राप्तिकराच्या वकिलांच्या कपाटात आहे.

एस. सी. कंबाटा अँड कंपनी विरुद्ध अतिरिक्त नफा कर आयुक्त, मुंबई. सर्वोच्च न्यायालय, १९६१. निकाल लिहिणारे न्यायमूर्ती एम. हिदायतुल्ला. एका बैठकीत सहज वाचून होतो, एवढाच मजकूर आहे. आमच्या व्यवसायात तो उद्धृत करतात तो बहुधा एका परिच्छेदापुरता, अहवालाच्या तळाशी, वजन यावं म्हणून. तो अख्खा वाचावा, सावकाश, चांगला लेख वाचावा तसा, असं मला मनापासून वाटतं. म्हणून हा खटाटोप.

ज्या ख्यातीवरून वाद झाला ती होती इरॉस थिएटरची आणि तिथल्या रेस्टॉरंटची. चर्चगेट स्टेशनातून बाहेर पडताच कोपऱ्यावर पायऱ्यापायऱ्यांनी वर चढत गेलेला मनोरा दिसतो तेच इरॉस. शोराबजी भेदवार यांनी त्याचा आराखडा केला आणि १९३८ साली ते सुरू झालं. ओव्हल मैदानाभोवतीच्या ज्या इमारतींना युनेस्कोने २०१८ साली जागतिक वारशाच्या यादीत घेतलं, त्यांत तेही आहे. हे वैभव सगळ्यांना ठाऊक असतं. मला मात्र त्या जागेची एक वेगळी गोष्ट मोलाची वाटते. ती जमीन समुद्र मागे हटवून केलेल्या बॅकबे रेक्लमेशनची. तिथे कुणाच्या आजोबांनी कधी दुकान थाटलेलं नव्हतं. पिढ्यान्‌पिढ्यांची वहिवाट नव्हती, जुनं गिऱ्हाईक नव्हतं. दुसऱ्या महायुद्धाच्या काळातल्या नफ्यावरचा कर हा वादाचा विषय, म्हणजे थिएटरचं वय जेमतेम चार-सहा वर्षांचं. एवढ्या कोवळ्या धंद्याला ख्याती असते का? असली तर ती कुणाची, इमारतीची, कोपऱ्याची की चालवणाऱ्याची? कायद्यापुढे प्रश्न आला तो करातून, पण त्याच्या पोटात हा प्रश्न होता.

कराचा भाग थोडक्यात सांगतो, कारण त्यावाचून पुढचं कळणार नाही. युद्धकाळात काही धंद्यांना एकदम बरकत आली. त्या जास्तीच्या कमाईतला वाटा सरकारकडे यावा म्हणून १९४० साली अतिरिक्त नफा कराचा कायदा झाला. धंद्याचा साधारण नफा किती असायला हवा हे आधी ठरवायचं, आणि त्याच्या वर जे मिळालं असेल त्यावर हा कर घ्यायचा. साधारण नफा ठरवताना धंद्यात गुंतलेलं भांडवल बघितलं जाई. भांडवल जितकं मोठं, तितका साधारण नफा मोठा आणि कराच्या तावडीत येणारी रक्कम लहान. मग भांडवलात काय काय धरायचं? खुर्च्या, पडदा, प्रोजेक्टर, भांडीकुंडी ही धरलीच. ख्यातीही धरा, आणि तिची भरघोस किंमत धरा, असं कंपनीचं म्हणणं. अपिलीय न्यायाधिकरणाने कंपनीला हवी होती त्याहून बरीच कमी किंमत मानली. त्यातून कायद्याचा प्रश्नच निघत नाही, असं धरून उच्च न्यायालयाने प्रकरण पुढे घेतलं नाही. तिथून ते दिल्लीला आलं.

इथे माझ्या कामातली एक गोष्ट सांगितली पाहिजे. ख्याती ही एकच अशी मालमत्ता मी पाहिली आहे, जिच्या थोरवीबद्दल माणसाचं मत तो टेबलाच्या कुठल्या बाजूला बसला आहे त्यावरून ठरतं. या खटल्यात करदाता म्हणतो, माझं नाव मोठं आहे; आणि खातं म्हणतं, छे, एवढं काही नाही. बक्षीसपत्राचा आणि वारशाचा कर अस्तित्वात होता तेव्हा त्यात याच्या नेमकं उलटं व्हायचं. तिथे करदाता म्हणायचा, साहेब, धंदा कसला, माझ्या पाठीमागे कुलूपच लागायचं. आणि खातं त्याच्या नावलौकिकाचे गोडवे गायचं. भागीदारी मोडताना बाहेर पडणाऱ्याला पेढीचं नाव सोन्यासारखं वाटतं, राहणाऱ्याला पितळेसारखं. एका उद्योजकाचे शेअर मुलाच्या नावावर करायचे होते तेव्हा मी त्यांच्या तोंडून बाजारातल्या मंदीचं वर्णन तासभर ऐकलं होतं. दीड वर्षाने परदेशी भागीदार घ्यायचा ठरला, आणि त्याच गृहस्थांनी त्याच खुर्चीवर बसून त्याच कारखान्याच्या भवितव्याचं असं चित्र उभं केलं की ऐकत राहावं. दोन्ही वेळा ते खोटं बोलत नव्हते. धंद्याच्या भविष्यात भीतीही असते आणि आशाही. कुठली पुढे आणायची ते प्रसंग ठरवतो. मूल्यांकन करणाऱ्याचं काम दोन्ही एकाच तागडीत घालण्याचं. हिदायतुल्लांच्या निकालाचं पहिलं सौंदर्य मला इथे दिसतं. ते कुणाच्याही बाजूच्या उत्साहात वाहून जात नाहीत. ख्याती कमी की जास्त, यात ते शिरतच नाहीत. ते थांबून विचारतात, ही वस्तू आहे तरी काय?

आणि उत्तरासाठी ते मागे जातात, थेट १८१० सालच्या इंग्लंडमध्ये. क्रटवेल विरुद्ध लाय हा खटला मालवाहू गाड्यांच्या धंद्याचा. धंदा विकला गेला, आणि आधीच्या मालकाने पुन्हा तोच उद्योग करू नये अशी घेणाऱ्याची मागणी होती. लॉर्ड एल्डन यांनी तिथे ख्यातीची जी व्याख्या केली ती आजतागायत घोकली जाते. जुनी गिऱ्हाइकं जुन्या जागी येत राहतील हा संभव म्हणजे ख्याती, त्यापलीकडे काही नाही, असा तिचा आशय. यातला ‘संभव’ हा शब्द मला फार आवडतो. एल्डन खात्री म्हणत नाहीत. ताळेबंदातल्या इतर सगळ्या गोष्टी झालेल्या आहेत. जमीन घेतलेली आहे, यंत्र बसवलेलं आहे, माल कोठीत आहे. ही एकटी व्हायची आहे. उद्या सकाळी शटर वर गेल्यावर कोण येईल, त्याची ही किंमत.

पण ‘जुन्या जागी’ हे शब्द त्या व्याख्येला जखडून टाकतात. न्यायमूर्ती ते ओळखतात आणि पुढच्या पावलाला १८५९ सालचा चर्टन विरुद्ध डग्लस आणतात. तिथे न्यायाधीश वुड यांनी एल्डन यांची व्याख्या फार तोकडी असल्याचं म्हटलं होतं. जुन्या पेढीने कमावलेला प्रत्येक फायदा, मग तो जागेचा असो, नावाचा असो की आणखी कशाचा, ख्यातीत येतो, असं त्यांचं म्हणणं. त्यानंतर ट्रेगो विरुद्ध हंट. वॉर्निश करणारी पेढी. भागीदारी संपल्यावर ख्याती एका भागीदाराकडे राहणार हे करारात ठरलेलं, आणि दुसऱ्या भागीदाराने कारकुनाला बसवून गिऱ्हाइकांची नावं-पत्ते उतरवून घ्यायला सुरुवात केली. एवढीच गोष्ट. वहीतली नावं उतरवणं म्हणजे चोरी काय, असं कुणी म्हणेल. हाउस ऑफ लॉर्ड्‌सला त्या वहीत अख्खा धंदा दिसला. लॉर्ड मॅकनॉटन यांनी तिथे ख्यातीला झाडातल्या रसाची उपमा दिली. तो आटला की झाडाला फळ धरत नाही. आपल्याकडे रस म्हटल्यावर केवढा अर्थ उघडतो, ते मराठी वाचकाला सांगायला नको.

आणि मग १९०१ सालचा म्युलरचा खटला. मार्गारिनचा धंदा जर्मनीत, विक्रीचा दस्त इंग्लंडमध्ये झालेला. ख्याती जर इंग्लंडबाहेरची मालमत्ता ठरली तर मुद्रांक शुल्क वाचत होतं. डोळ्यांना न दिसणारी गोष्ट कुठल्या गावात राहते, हे न्यायालयाला ठरवायचं होतं. ती धंद्याबरोबर जर्मनीत राहते असं ठरलं. तिथेच मॅकनॉटन म्हणून गेले की ख्यातीचं वर्णन करणं सोपं, व्याख्या करणं अवघड. गिऱ्हाइकाला ओढून आणणारी ती शक्ती.

आता हे चार खटले मनात शेजारी शेजारी ठेवून बघा. गाड्यांचा विक्रीचा, डग्लसचा नावाचा, वॉर्निशचा भांडणाचा, मार्गारिनचा कराचा. धंद्याची किंमत काढायची वेळ माणसावर ज्या निमित्तांनी येते, ती बहुतेक सगळी यांत आली. निकालात यांतलं काही ठासून मांडलेलं नाही. हिदायतुल्ला एकेक खटला दिवाणखान्यात पाहुणा आणून बसवावा तसा आणतात, आणि जागेपासून सुरू झालेली कल्पना नावाकडे, नावाकडून नात्यांकडे, नात्यांकडून ओढीकडे आपोआप सरकत जाते. वाचणाऱ्याला वाटतं हा नुसता दाखल्यांचा गोषवारा आहे. प्रत्यक्षात पायाखालची वाळू हलवली जात असते. आपण ‘जुन्या जागी’ उभे होतो, आता तिथे नसतो.

हिदायतुल्ला नागपूरच्या मॉरिस कॉलेजचे विद्यार्थी. केंब्रिजहून परत आल्यावर त्यांनी वकिली केली तीही नागपुरातच, आणि पुढे तिथल्याच उच्च न्यायालयाचे ते मुख्य न्यायमूर्ती झाले. साहित्य त्यांच्या अंगात मुरलेलं होतं. सरन्यायाधीश असताना, १९७० साली, चित्रपटांच्या सेन्सॉरशिपवरचा के. ए. अब्बास खटल्याचा निकालही त्यांनीच लिहिला. पडद्यावर काय दिसावं यावर पुढे लिहिणाऱ्या लेखणीने आधी थिएटरच्या नावलौकिकावर लिहिलेलं असावं, हा योगायोग मला सुखावतो.

यानंतर निकालात प्राणी येतात.

१९३४ सालचा व्हाइटमन स्मिथ मोटर कंपनी विरुद्ध चॅप्लिन हा खटला भाडेकरूला ख्यातीची भरपाई देण्याबद्दलचा. तिथे न्यायाधीश स्क्रटन यांनी गिऱ्हाइकांची प्राण्यांत वाटणी केली. मांजर घराला धरून असतं. माणसं बदलली तरी ते त्याच ओट्यावर येऊन बसतं. कुत्रा माणसाला धरून असतो. धनी दुसऱ्या गावी गेला तर तोही मागोमाग जातो. उंदराचा जीव घरावरही नाही आणि माणसावरही नाही. आज इथे, उद्या तिथे. सोबतचे न्यायाधीश मॉम यांनी त्यात सशाची भर घातली. तो येतो तो केवळ जवळ राहतो म्हणून.

आपल्या भाषेत यांच्यासाठी शब्द आहेत, फक्त आपण ते एका रांगेत कधी मांडले नाहीत. डॉक्टरच्या ‘हातगुणा’वर विश्वास ठेवून दवाखाना बदलला तरी त्याच्याच मागे जाणारा रुग्ण हा कुत्र्याच्या जातीचा, आणि हे मी आदराने म्हणतो, कारण निष्ठेचा याहून चांगला दाखला नाही. एसटी स्टँडसमोरच्या हॉटेलात गाडी सुटेपर्यंत वडापाव खाणारा प्रवासी तो उंदीर. सोसायटीच्या तळमजल्यावरच्या वाण्याकडे दूध आणायला येणारा ससा. आणि पुण्याच्या पाटीवरचं ‘आमची कोठेही शाखा नाही’ हे वाक्य मांजरांना उद्देशून लिहिलेलं आहे. त्या पाटीला लोक हसतात. मी तिच्याकडे व्यवसायाच्या नजरेने बघतो तेव्हा मला ती मालकाने स्वतःच्या हाताने लिहिलेली ख्यातीची नोंद वाटते. माझं गिऱ्हाईक या उंबरठ्याशी बांधलेलं आहे, ते मी फोडणार नाही, एवढं सगळं त्या चार शब्दांत आहे.

चित्र इतकं सुबक आहे की त्यावरच थांबण्याचा मोह कुणालाही व्हावा. न्यायमूर्ती थांबत नाहीत. प्राण्यांचा उपयोग ते जागा आणि माणूस यांतला फरक ठळक करण्यापुरता करतात, आणि मग तो परिच्छेद येतो ज्यासाठी मी दरवेळी पेन्सिल हातात घेतो. त्याचा आशय माझ्या शब्दांत असा. धंद्याची ख्याती अनेक गोष्टींवर किंवा त्यांच्या मिलाफावर अवलंबून असते. ठिकाण, सेवा, धंद्याची पत, तो चालवणाऱ्यांचा प्रामाणिकपणा, स्पर्धेचा अभाव, आणि अशाच आणखी कितीतरी गोष्टी एकेकट्या किंवा मिळून ती घडवतात. ठिकाणाचा वाटा नेहमीच मोठा. ते हलवलं तर ख्याती हरवूही शकते. पण ठिकाण म्हणजे सर्वस्व नव्हे.

या यादीत ‘प्रामाणिकपणा’ हा शब्द कसा बसवला आहे बघा. करकायद्याच्या पानावर तो किती क्वचित येतो, आणि आला तर करदात्याने काय लपवलं या संदर्भात येतो. इथे तो भांडवलाचा घटक म्हणून येतो. वजनात न मारलेला काटा, शिळं न वाढलेलं ताट, ठरल्या वेळी सुरू झालेला खेळ, हे सगळं त्या एका शब्दाने ताळेबंदाच्या उजेडात आणून ठेवलं. त्याला ना वेगळा परिच्छेद दिला ना विशेषण लावलं. ठिकाण आणि स्पर्धा या दोन कोरड्या शब्दांच्या मध्ये तो सहज उभा केला. लेखक म्हणून मला याचा हेवा वाटतो.

दुसरी गोष्ट लयीची. लांब, अनेक घटक पोटात घेणाऱ्या वाक्यामागून एकदम आखूड वाक्यं येतात. जागा हलवा, ख्याती गेली म्हणून समजा. आणि लगेच, तरीही जागा म्हणजे सगळं नाही. एका हाताने दिलं, दुसऱ्या हाताने अर्धं काढून घेतलं. न्यायाधिकरणाच्या अरुंद नजरेला एवढंच उत्तर पुरेसं होतं. त्यानंतर ते थेट इरॉसकडे वळतात. थिएटर किंवा रेस्टॉरंट असेल तर काय दिलं जातं, व्यवस्था कशी ठेवली जाते, आसपास स्पर्धा किती, हेही त्या ख्यातीत मिसळतं, असं सांगतात. सगळा सिद्धान्त पुन्हा जमिनीवर आणला. तिकीटबारी, गादीची खुर्ची, ताटातला पदार्थ.

हा परिच्छेद मला पुस्तकात कळला असेल, पण पटला तो एका तालुक्याच्या गावी. दोन सख्ख्या भावांचं उपाहारगृह होतं. वडिलांनी सुरू केलेलं, मिसळ आणि पोहे यांसाठी नावाजलेलं. वाटणी ठरली. जागा आणि नाव थोरल्याने ठेवायचं, धाकट्याला त्याच्या हिश्शाचे पैसे द्यायचे. किती, यावरून बोलणं बंद झालेलं. दोघांच्या वकिलांनी मिळून मला बोलावलं.

हिशेब पुस्तकातल्यासारखाच सुरू झाला. आकडे सोपे करून सांगतो. वर्षाचा सरासरी नफा समजा १२ लाख. दोन्ही भाऊ पहाटे पाचपासून राबत होते, पण पगार घेत नव्हते. तेच काम पगारी माणसांनी केलं असतं तर ५ लाख गेले असते, ते वजा. उरले ७. भट्टी, भांडी, फर्निचर, डिपॉझिट मिळून गुंतलेलं भांडवल ३० लाख, त्यावर १२ टक्क्यांनी साधारण परतावा ३ लाख ६० हजार. तोही वजा. राहिले ३ लाख ४० हजार. याला अधिनफा म्हणतात, नुसत्या पैशाने आणि नुसत्या कष्टाने मिळाला नसता असा नफा. ख्याती राहते ती इथे. आता याला किती वर्षांनी गुणायचं? तीन धरली तर १० लाख २० हजार. एक धरलं तर तिसरा हिस्सा. पाच धरली तर १७ लाख. बारावीच्या गणितात हा आकडा दिलेला असायचा. गावातल्या त्या टेबलावर तो कुणीच दिलेला नव्हता.

मी तीन दिवस तिथे बसलो. गल्ल्याजवळच्या कोपऱ्यात एक खुर्ची मागून घेतली आणि येणाऱ्यांच्या रेघा मारत राहिलो. सकाळी सात ते नऊ शेजारच्या बाजारपेठेतले हमाल आणि दुकानदार, म्हणजे ससे. दुपारी स्टँडवरून येणारे उंदीर, त्यांची संख्या सगळ्यात मोठी आणि भरवसा सगळ्यात कमी. संध्याकाळी आसपासच्या गावांतून मुद्दाम मोटारसायकलवर येणारी पोरं. ती नावासाठी येत होती, म्हणून त्यांना मी मांजरांच्या रकान्यात घातलं. कुत्रे शोधणं अवघड गेलं. मालकाकडे बघून येणारा माणूस ओळखायचा कसा?

तिसऱ्या दिवशी सकाळी पावणेआठला निवृत्त शिक्षक असावेत असे एक गृहस्थ आले. सगळे त्यांना गुरुजी म्हणत. ते बसले, काही मागितलं नाही, आणि त्यांच्यापुढे कमी तिखट मिसळ, वर शेव न घालता, पावाऐवजी भाकरी आली. ती आणली धाकट्याने, स्वतः. गल्ल्यावर पैसे देताना थोरल्याने त्यांच्या नातवाच्या परीक्षेचं विचारलं. मी रेघ मारायला पेन्सिल उचलली आणि हात थांबला. हा माणूस कुणासाठी येतो? शेव न घालायची आठवण धाकट्याची, नातवाची चौकशी थोरल्याची, बाक वडिलांच्या वेळचा. न्यायमूर्तींनी ‘किंवा त्यांच्या मिलाफावर’ असं का म्हटलं, ते मला त्या क्षणी समजलं. घटक वेगळे काढता येतात, पण एका माणसाच्या सवयीत ते एकजीव झालेले असतात.

त्या दोघांनी पुढे काय ठरवलं ते सांगेन. आधी निकालाची पुढची कथा सांगायची राहिली आहे.

१९७० साली सर्वोच्च न्यायालयात मुंबईच्या एका पेढीचा वाद आला. कापसाच्या गासड्यांची मुकादमी आणि दलाली करणारी पेढी. भागीदार वारला, पेढी करारानुसार चालू राहिली, आणि वारसांनी ख्यातीतला वाटा मागितला. भागीदारी कायद्याच्या कलम १४ प्रमाणे ख्याती ही पेढीची मालमत्ता. करारात वेगळं काही लिहिलेलं नसेल तर भागीदाराच्या मृत्यूने त्याचा वाटा नाहीसा होत नाही, असं न्यायालयाने म्हटलं. मुकादमी-दलालीत दाखवायला काय असतं? एक गादी, एक फोन, आणि माणसांचा विश्वास. वारसांचा हक्क त्या विश्वासावर मान्य झाला.

त्याहून नाट्यपूर्ण आहे तो १९८१ सालचा बी. सी. श्रीनिवास सेट्टी खटला. बंगळूरची अगरबत्ती करणारी पेढी, ख्यातीची किंमत दीड लाख धरलेली, ती नव्या पेढीकडे गेली. यावर भांडवली नफ्याचा कर लागतो का? न्यायमूर्ती आर. एस. पाठक यांनी ख्यातीच्या जन्माचा विचार केला. ती कधी जन्मली ते सांगता येत नाही, तिला काय खर्च आला ते मोजता येत नाही. आणि खरेदीचा खर्चच नसेल तर नफा मोजायचा कशातून वजा करून? कर लागू होत नाही, असं ठरलं. संसदेने नंतर कायदा बदलून हा खर्च शून्य धरायचा असं लिहिलं आणि प्रश्न मिटवला. कराच्या दृष्टीने तो मिटलाही. पण पाठक यांच्या त्या विचारात कंबाटा निकालाचा सूर मला स्पष्ट ऐकू येतो. पुढे २०१२ साली ख्यातीवर घसारा मिळाला, २०२१ च्या वित्त कायद्याने तो बंद केला. येणं-जाणं चालूच आहे. प्रत्येक बदलानंतर आम्ही आमचे तक्ते नव्याने आखतो आणि मूळ कल्पनेसाठी पुन्हा १९६१ च्या त्या पानांकडे जातो.

त्या पानांचा शेवट अनेकांना निराश करतो. ख्यातीकडे न्यायाधिकरणाने बघितलं त्याहून पुष्कळ व्यापक नजरेने बघायला हवं होतं, यातून कायद्याचा प्रश्न उभा राहतो, उच्च न्यायालयाने त्यावर न्यायाधिकरणाकडून प्रकरणाचं निवेदन मागवायला हवं होतं, असं म्हणून निकाल संपतो. इरॉसची ख्याती किती रुपयांची, हे त्यात नाही. मला हा शेवट अतिशय शोभून दिसतो. आकडा सांगितला असता तर तो त्या वर्षांपुरता, त्या थिएटरपुरता राहिला असता. त्यांनी बघायचं कसं तेवढं सांगितलं आणि मोजणाऱ्याच्या हातात माप परत दिलं. इरॉस मध्यंतरी कैक वर्षं बंद होतं. २०२४ साली ते नव्या पडद्यासह उघडलं तेव्हा चालवणारे वेगळे, आतली मांडणी वेगळी, तिकिटाचा दर वेगळा. कोपरा आणि नाव तेवढं तेच. त्याची किंमत आज कुणी काढायला घेतली तर त्याला पहिल्या पानापासून तोच निकाल वाचावा लागेल.

त्या भावांचं असं झालं. मी अधिनफ्याला अडीच वर्षांनी गुणलं आणि कारणं सविस्तर लिहिली. स्टँडवरचं गिऱ्हाईक किती, नावावर येणारं किती, आणि धाकटा गेल्यावर त्याच्या हाताच्या चवीबरोबर किती जाईल. धाकट्याने अहवाल वाचून एकच विचारलं, “माझ्या हाताची चव तुम्ही दादाच्या हिश्शातून वजा केलीत, मग ती माझी झाली ना?” मी हो म्हटलं. तो सहीला तयार झाला. पुढे त्याने बाजाराच्या दुसऱ्या टोकाला स्वतःचं छोटं दुकान काढलं, वडिलांचं नाव न लावता.

वर्षभराने दुसऱ्या कामासाठी त्या गावी गेलो होतो. सकाळी थोरल्याकडे नाश्त्याला बसलो. पावणेआठला गुरुजी आले, त्याच बाकावर बसले, भाकरी-मिसळ खाल्ली, नातवाचं बोलले. संध्याकाळी परतीच्या गाडीला वेळ होता म्हणून धाकट्याच्या दुकानात चहा घ्यायला गेलो. कोपऱ्यातल्या टेबलावर गुरुजी बशीत चहा ओतत होते.